रेवाचं पुढे काय झालं

मेघाने बारावीची परीक्षा दिली त्या वर्षीच्या चैत्रात, शिंदखेड्याच्या एका लहान वाचनालयातल्या पुस्तकचर्चेत, निंबा आबांनी बोलायला मिळावं म्हणून हात वर केला. शाळेतल्या पोरासारखा, कोपरापासून सरळ. पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

बोलणं भिकन नानांचं चाललं होतं. जन्मभर एस.टी.त कंडक्टर होते, त्यामुळे आवाज मागच्या बाकापर्यंत जायचा.

"मालिकेत रेवा अंगणात आली की माझी भाकर घशात अडकायची. पुस्तकात ती आली कधी अन् गेली कधी, पत्ताच नाही. मला तर झोप लागली."

"तुम्हाला गाडीत पण लागायची नाना," कोणीतरी म्हणालं.

कापड दुकानवाल्यांची सून जिनल हसून म्हणाली, "मला पुस्तकच आवडलं. मालिकेत नुसती वीज चमकते आणि दार वाजतं. इथे रेवाच्या मनातलं कळतं."

"भुताच्या मनातलं कळून काय करायचं ताई?" नाना म्हणाले.

आबा एकदा नानांकडे, एकदा जिनलकडे बघत होते. मांडीवरचं पुस्तक त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं. 'रेवाचा फेरा'. टीव्हीवरच्या मालिकेवरून लिहिलेलं. मुखपृष्ठावर मालिकेतलीच मुलगी, ओले केस सोडलेली. आत मात्र पुष्कळ वेगळं होतं. मालिकेत रेवाची आजी होती, पुस्तकात ती पहिल्याच पानावर मेलेली. मालिकेत बाप आंधळा, पुस्तकात पोस्टमन. आबांना अक्षरं साठीनंतर आली, नातीने, मेघाने शिकवली, दुकानांच्या पाट्या आणि एस.टी.चे फलक वाचून घेत घेत. छापलेलं म्हणजे कोणीतरी तपासून, पक्कं करून छापलेलं, अशी त्यांची समजूत. इथे मात्र एकाच पोरीचे दोन बाप निघाले, आणि लोक कोणता खरा हे ठरवायचं सोडून कोणता आवडला ते सांगत बसले होते.

शेजारी बसलेल्या मेघाने त्यांचा वर राहिलेला हात पाहिला.

"प्रेमराज काका, आबांना बोलायचंय."

ग्रंथपाल प्रेमराजने सगळ्यांना गप्प केलं. "बोला आबा. कसं वाटलं पुस्तक?"

आबा उभे राहिले. टोपी काढली, परत घातली.

"मला एवढंच विचारायचं होतं," ते सावकाश म्हणाले, "तुमच्या पुस्तकातबी शेवटी ती तशीच राहते का? फिरत?"

मग भिकन नाना मोठ्याने हसले.

"अरे आबा, बठ्ठा पुस्तकांत शेवट एकच ऱ्हातो! एका छापखान्यातला माल तो!"

हशा झाला. वाईट नव्हता, पण झाला. आबा बसले नाहीत.

"दुसरा छाप निघाला असंल. त्यात दुरुस्ती केली असंल."

"नाही आबा," प्रेमराज मऊपणे म्हणाला. "शेवट तोच. तिला मुक्ती मिळत नाही. लेखकाने तसं ठरवलंय."

"पण तिच्यासाठी कोणी काही केलंच नाही," आबा म्हणाले. "आखाजीला तिची घागर भरली नाही. उंबरठ्यावर तिच्या नावाचं कुंकवाचं बोट उठवलं नाही. मग ती जाईल कशी?"

जिनलने आपलं पुस्तक उघडून शेवटची पानं चाळली, जणू तिच्याकडून वाचायचं राहून गेलं असावं.

"मुंबईत लिहितात ना आबा," ती म्हणाली. "त्यांची अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं. आखाजीला पितरांची घागर भरतात, हे त्यांना कुठून माहीत असणार?"

आबांनी मान हलवली. पटलं म्हणून, की हलवायची म्हणून, ते मेघाला कळलं नाही.

घरी आबांची बायको सुंदरबाई खाटेवर वाट बघत होती. दिवाळीपासून ती उठलीच नव्हती. धुळ्याच्या डॉक्टरने मुलाला, मगनला बाजूला घेऊन जे सांगितलं होतं, ते तिला कोणी सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. तिला एकच गोष्ट विचारायची असायची.

"रेवानं पुढे काय व्हयनं?"

मालिका त्या दोघांनी रोज पाहिली होती. रेवा पाण्याला गेली ती परत आली नाही, आणि मग रोज तिन्हीसांजेला अंगणात येऊन उभी राहू लागली. बोलायची नाही. दाराकडे बघायची. मगनची बायको म्हणायची, आजारी माणसासमोर असलं अभद्र कशाला लावता? पण सुंदरबाई तेवढा वेळ कण्हायची नाही. एका भागात रेवाची आई अखेर उठली, दारापर्यंत आली, कडीला हात घातला. दुसऱ्या दिवशी त्या वेळेला टीव्हीवर बाई वांग्याचं भरीत शिकवत होती. मालिका बंद झाली होती. तरी सुंदरबाईने पुढे कितीतरी दिवस टीव्ही त्याच वेळेला लावायला लावला आणि भरितापासून शिऱ्यापर्यंत सगळं पाहून काढलं. ही भरीतवाली बाई जाईल आणि रेवाच्या आईचं दार उघडेल, अशी तिची आशा.

त्या घरात सारिकाचं नाव कोणी घेत नसे. सारिका आबांची थोरली लेक, मगनच्या आधीची. मगनच्या लग्नाआधी एका सकाळी ती मळ्यातल्या विहिरीवर गेली आणि परत आली नाही. पाय घसरला म्हणावं तर पायऱ्या कोरड्या होत्या. उडी मारली म्हणावं तर घागर अर्धी भरून काठावर ठेवलेली होती; मरायला निघालेली पोरगी घागर कशाला भरेल? आबांनी हे दोन्ही विचार इतकी वर्षं उलटेपालटे केले, आणि दोन्हीतला एकही त्यांच्या हाती लागला नाही. भाऊबंदांनी मात्र चटकन ठरवलं. विहिरीतलं मरण, तेही बिनलग्नाच्या पोरीचं. तिची घागर घरात भरू नये, घराला लागेल. पुढच्या आखाजीला उंबरठ्यावर सगळ्या पितरांच्या नावाने कुंकवाची बोटं उठली, तिचं उठलं नाही. त्याआधी आबा बायकोला 'सारिकानी माय' म्हणून हाक मारायचे. त्यानंतर 'मगननी माय' म्हणू लागले. हे कधी बदललं, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

पुस्तक मेघाने वाचनालयातून आणलं होतं. आबा रोज दुपारी खाटेजवळ बसून वाचायचे. बोट अक्षराखाली, ओठ आधी हलणार, आवाज मागून येणार. 'रे-वा-ने मा-गे... वळून... पा-हि-लं.' कुठे जोडाक्षर आलं की गाडी गचका खाऊन थांबायची. सुंदरबाई तोवर छताकडे बघत थांबायची. तिला घाई नसायची. एकच प्रकरण उरलं होतं. आबांनी ते आदल्या दिवशी ओसरीत एकट्यानेच वाचलं होतं. रेवाची आई दार उघडते, अंगणात कोणी नसतं, आणि दूर पाणवठ्यावर रेवा पाठमोरी चालत राहते. कायमची. खाली 'समाप्त'.

म्हणूनच त्यांनी सभेला नेण्याचा हट्ट मेघाकडे धरला होता.

"काय म्हनेत लोके?" सुंदरबाईने विचारलं.

"कोनी म्हने चांगलं, कोनी म्हने झोप येस."

"अन् रेवा?"

आबांनी चष्मा पुसला. स्वयंपाकघरातून मेघा पाण्याचा तांब्या घेऊन येत होती, ती दारातच थांबली.

आबांनी पुस्तक उघडलं. शेवटचं प्रकरण. बोट पहिल्या ओळीवर ठेवलं.

"रेवाच्या आईने दार उघडलं," ते वाचू लागले. "अंगणात कोणी नव्हतं. तेव्हा रेवाचा बाप उठला. तो म्हणाला, आज आखाजी आहे. त्याने कुंभाराकडची नवी घागर आणली. धुतली, भरली. वर डेरगं, ते लहान मडकं, ठेवलं, डेरग्यावर आंबा ठेवला. शेजारी सांजोरी ठेवली, कारण रेवाला सांजोरी आवडायची, गरम असतानाच चोरून खायची, आणि जीभ भाजली की पदराने वारा घालायची. मग बाप उंबरठ्याशी बसला. बोट कुंकवात बुडवलं. आजोबाचं नाव घेऊन एक बोट उठवलं, आजीचं घेऊन एक. भाऊबंद दारात उभे होते. ते म्हणाले, बस. बाप म्हणाला, बस नाही. त्याने आणखी एक बोट उठवलं आणि लेकीचं नाव घेतलं. मग रेवा आली. ओंजळीने पोटभर पाणी प्यायली. आईकडे बघून हसली. आणि गेली."

आबा थांबले. कपाळावर घाम आला होता. बोट पहिल्याच ओळीवर होतं, पान उलटलं गेलं नव्हतं.

सुंदरबाईने मान वळवली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"आज तुमी भलतं भरभर वाचं," ती म्हणाली.

आबांनी पुस्तक मिटलं.

"सोपं व्हतं."

"हं." ती पुन्हा छताकडे बघू लागली. "तिना बापनी नाव जोरमा लिधं का मनमा?"

पुस्तक पुन्हा उघडून त्यात बघावं असं क्षणभर आबांना वाटलं.

"जोरमा," ते म्हणाले.

"मंग ठीक शे."

मेघाने तांब्या खाटेखाली ठेवला आणि बाहेर गेली.

आखाजीला ऊन सकाळपासूनच चढलं. गल्लीत माहेरी आलेल्या पोरींनी कडुनिंबाला झोके बांधले होते, त्यांची गाणी घरात ऐकू येत होती. मगनने कुंभाराकडून घागर आणली. आबा म्हणाले, "अजून एक आण. धाकली."

मगनने त्यांच्याकडे पाहिलं. चपला घालून परत गेला.

आबांचा मोठा चुलत भाऊ, जीवराम, दरवर्षीप्रमाणे पूजेला आला होता. दोन घागरी मांडलेल्या पाहून तो दारातच उभा राहिला.

"ही कोनी?"

"बस भाऊ, चहा व्हई ऱ्हायना," आबा म्हणाले.

ते उंबरठ्याशी बसले. गुडघे कुरकुरले. कुंकवात बोट बुडवून त्यांनी बापाचं नाव घेतलं, आईचं घेतलं, काकांचं, लहानपणीच गेलेल्या भावाचं. लाल बोटं एका ओळीत उठत गेली. मग ते थांबले. कुंकू लावलेलं बोट हवेतच राहिलं. आत खाटेवर काही हालचाल नव्हती.

"सारिका," आबा म्हणाले.

आवाज फुटलाच नाही. जीवरामलाही ऐकू गेला नसेल. आबांनी घसा खाकरला.

"सारिका!"

गल्लीतलं गाणं मध्येच थांबलं. झोक्यावरच्या पोरींना वाटलं, कोणीतरी कोणाला हाक मारली. एकजण ओरडून म्हणालीसुद्धा, "कोन सारिका?" मग पुन्हा झोका सुरू झाला.

जीवराम बसला नाही. चहाही त्याने घेतला नाही. आबांनी त्याला जाताना पाहिलं, पण उठले नाहीत. बोट उंबरठ्यावर टेकवून ते तसेच बसले होते, उचललं तर पुसलं जाईल अशा बेताने.

"सारिकानी माय," त्यांनी आत वळून हाक मारली. "आयकं का?"

"आयकं," सुंदरबाई म्हणाली.

थोड्या वेळाने आतून तिचा आवाज पुन्हा आला.

"सांजोरी गरम शे ना?"

आबांनी सांजोरीला हात लावून पाहिला.

"शे."

पुस्तक परत करायला आबा एकटेच शिंदखेड्याला गेले. वाचनालयात दुसरं कोणी नव्हतं. प्रेमराजने त्यांचा भादरलेला माथा पाहिला, खुर्ची पुढे केली आणि सवयीनेच विचारलं, "पुस्तक कसं वाटलं आबा?"

"बरं आहे," आबा म्हणाले. "शेवट तेवढा आम्ही घरी केला."

सारिका, निंबा आबांची थोरली लेक, मगनच्या लग्नाच्या आदल्या वर्षी चैत्रात मळ्यातल्या विहिरीत पडून वारली. तिची आई सुंदरबाई मेघाच्या बारावीच्या वर्षी, आखाजीनंतरच्या पौर्णिमेला, सकाळी वारली.