पाठमोरी चढलेली गाडी

मी गाडी बोलतेय. हो, गाडीच! पुढे एक आणि मागे दोन अशी तीनच चाकं आहेत म्हणून मला खेळणं समजू नका, त्याचा मला भारी राग येतो. रंग पिस्त्याचा. दारं नाहीत; डब्याच्या झाकणासारखं छप्पर उघडायचं आणि आत उतरायचं.

माझा जन्म शिलाई मशीनच्या कारखान्यात झाला. मालकाला एकदा गाड्या काढायची हुक्की आली. आम्ही मोजक्या बहिणी तयार झालो आणि त्याची हौस फिटली. मला घेतलं एका सुईणीनं. तिनं मला वेळी-अवेळी खूप पळवलं. ती गेल्यावर तिच्या भाच्यानं माझं खुराडं केलं. कोंबड्या तशा स्वभावानं चांगल्या, पण अंडी घालायला त्यांना नेमकी ड्रायव्हरचीच सीट लागायची.

तिथून मला सोडवलं दातांच्या डॉक्टरांनी. या माणसाला जगावेगळ्या गाड्यांचं वेड. पाण्यात तरंगणारी, पंखासारखी दारं उघडणारी, अशा गाड्यांचे फोटो त्यांनी दवाखान्याच्या छताला चिकटवलेत. पेशंट आ वासून पडला की डॉक्टर एकेकीची माहिती सुरू करतात. बिचाऱ्याला पुरे म्हणायचीही सोय नाही.

डॉक्टरांच्या बायकोला, म्हणजे आमच्या बाईंना, हे काडीचंही पसंत नव्हतं. "अहो, हे गॅरेज आहे की अनाथाश्रम?" असं त्या माझ्यासमोरच म्हणायच्या.

आमच्यासारख्या विचित्र गाड्यांचा दरवर्षी मेळावा भरतो. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चढून जायचं. हवे तितके प्रयत्न करा, पण ढकलायचं नाही, एवढाच नियम. मी दरवर्षी मधल्या वळणावर बंद पडायचे आणि लोकांची हसून मुरकुंडी वळायची. त्यातलाच एक हॉटेलवाला माझ्यावर टपून होता. इंजिन काढून, पोटात कुंड्या ठेवून त्याला मला हॉटेलच्या दारात मांडायचं होतं.

यंदा बाईंनी निक्षून सांगितलं, "चढली तर राहील. नाहीतर त्या हॉटेलवाल्याला देऊन टाका." आणि खात्री करायला त्या स्वतःच शेजारी येऊन बसल्या.

मधलं वळण आलं. माझं इंजिन पुढे, पेट्रोलची टाकी सीटच्या मागे. चढावर टाकी खाली राहते आणि पेट्रोल इंजिनापर्यंत पोचतच नाही. मी फुरफुरले आणि बंद पडले. डॉक्टरांनी मला हळूहळू घरंगळत पायथ्याशी आणलं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मला तर कुंड्या दिसायला लागल्या.

आणि मला पुन्हा सुरू करताना डॉक्टरांनी गडबडीत चावी उलटी फिरवली. मला मागे जायचा वेगळा गिअर नाही. चावी उलटी फिरवली की इंजिनच उलटं फिरतं. मी सपाटीवर अशी भरधाव मागे सुटले की डॉक्टरांनी कुंपणाजवळ कसाबसा ब्रेक लावला.

बाई म्हणाल्या, "उलटी बरी पळते की ही! मग उलटीच चढवा."

"अगं, उलटी कशी?"

"तोंड कुठे असावं असं कुठल्या नियमात आहे?"

डॉक्टरांनी मला वळवलं आणि मी टेकडीकडे पाठ केली. बाईंनी छप्पर उघडलं, सीटवर गुडघे टेकले आणि मागे बघत हुकूम सोडायला सुरुवात केली. "डावीकडे! अहो, माझ्या डावीकडे!" आता टाकी वर होती आणि पेट्रोल धो धो येत होतं. मला चालवतं ते पुढचं चाक; सगळा भार त्याच्यावर पडल्यामुळे ते रस्ता घट्ट धरून होतं. वळण आलं, वळण गेलं, मला कळलंही नाही! पाण्याच्या टाकीपाशी आधी माझी पाठ पोचली आणि लोकांनी टाळ्यांनी टेकडी डोक्यावर घेतली. आयुष्यात इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

हॉटेलवाला तिथेही आलाच. "आता तर हिला मी अगदी दर्शनी जागी ठेवीन," म्हणाला.

"कुंड्यांना एखादी टोपली बघा," बाई म्हणाल्या. "ही चालती गाडी आहे आमची."

डॉक्टरांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, पण डोळे काही आवरेनात.

हल्ली मला बाईच चालवतात. डॉक्टर शेजारी बसून माझी माहिती सांगतात आणि बाई त्यांना गप्प करतात. चढ दिसला की बाईंना राहवत नाही, लगेच मला वळवतात. तेव्हा एखादी पिस्त्याच्या रंगाची गाडी पाठमोरी वर येताना दिसली, तर खुशाल हसा. फक्त वाट सोडा, कारण आम्ही थांबणार नाही!