वळणावरचा आवाज माझा होता

मी बॉल जॉइंट बोलतोय, गाडीच्या पुढच्या डाव्या चाकामागचा. चाक वळतं, खड्ड्यात वरखाली होतं, तरी गाडीला धरून राहतं, ते माझ्या जोरावर. गोटीएवढी पोलादी गोळी, तिच्याभोवती वाटी, वाटीत ग्रीस आणि वरून रबरी टोपी, एवढाच माझा संसार.

मालकांची हयात पाणीपुरवठ्याच्या पंपघरात गेली. चालू पंपावर तळवा ठेवून आत काय बिघडलंय ते सांगायचे. गाडीचंही तसंच. कुठे खुट्ट झालं की चाकांना विटा लावायच्या, हँडब्रेक ओढायचा, बायकोला स्टिअरिंगवर बसवायचं आणि स्वतः चाकाशेजारी आडवं होऊन एकेका भागावर हात ठेवायचा. बाई बुटक्या, म्हणून खाली निळी उशी घेऊन बसत.

"डावीकडे. आता उजवीकडे. सावकाश."

"इंजिनियरसाहेब, मला आत दहा कामं पडलीत."

"एकदाच."

"मगाशीही एकदाच होतं."

पण फिरवत राहत. आणि तो खरबरीत तळवा नाडी पाहावी तसा आमच्यावरून फिरत जाई.

गेल्या वर्षी बाई गेल्या. तीन आठवडे गाडी रोज हॉस्पिटलच्या दारात उभी होती. नंतर उशी मागच्या काचेपाशी गेली. तिला कुणी हात लावत नसे.

त्याच सुमारास माझी टोपी फाटली. पाणी शिरलं, ग्रीस धुऊन गेलं, गोळी वाटीत सैल झाली. स्टिअरिंग पुरतं वळलं की मी 'कट्ट' करू लागलो. मला दुसरी भाषा येत नाही.

भीती माझ्या जिवाची नव्हती. गोळी वाटीतून सुटली की चाक आडवं पडतं, मग गाडी कुणाचं ऐकत नाही. आणि रोज सकाळी मागे नात बसलेली असे. शाळेच्या अलीकडे उतार, उताराच्या तळाशी उजवीकडे वळण. उजवीकडे वळलं की सगळा भार डावीकडे, माझ्यावर. कडेला खोल नाला.

"आजोबा, गाडीला उचकी लागली."

"कुणीतरी आठवण काढत असेल," ते म्हणाले.

गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली. "काका, लिंक रॉड गेलाय." नवा बसवला. दोन दिवसांनी कट्ट. मग शॉकअपच्या वरचं रबर बदललं. लोखंडातून आवाज धावतो. ओरडायचो मी आणि ऐकू यायचं वरून. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "गाडीचं वय झालंय, काका. एवढा कान देऊ नका."

मालकांना ते पटलं नाही. एका रविवारी त्यांनी विटा लावल्या. आत बसून स्टिअरिंग फिरवलं, आवाज आला, धावत खाली येऊन वाकले, तोवर मी गप्प. पुन्हा आत, पुन्हा खाली. आत बसावं तर हात माझ्यापर्यंत पोचत नाही, हात ठेवावा तर स्टिअरिंगला कुणी नाही. चौथ्या खेपेला ते खाली आले आणि चाकाला पाठ टेकून तिथेच बसून राहिले.

उद्या सोमवार होता. शाळा होती. मी मोजत होतो, अजून किती वळणं निभावेन.

तेवढ्यात दार वाजलं. सून बाहेर आली होती.

"बाबा, मी बसू?"

त्यांनी मान वर करून पाहिलं.

"त्या वळणावर तुम्ही श्वास धरता. परवा शाळेत सोबत आले होते, तेव्हा बघितलंय. नुसतं सांगा, कुठे फिरवू."

ते उठले, मागचं दार उघडलं, निळी उशी काढून झटकली आणि तिच्या हातात दिली. "ही घे. तुलाही सीट खोल पडेल."

ते आडवे झाले. तळवा स्प्रिंगवर आला, लिंकवर आला.

"डावीकडे. आता उजवीकडे. सावकाश."

"एवढंच? आई तर म्हणायच्या, तुम्ही अर्धा दिवस फिरवायला लावता."

चाकाखालून हसू ऐकू आलं. वर्षभरात पहिल्यांदा. मग तो हात माझ्यावर टेकला. मी होतं नव्हतं ते बळ लावून कट्ट केलं.

"थांब," ते म्हणाले. "सापडला."

दुसऱ्या दिवशी नात रिक्षाने शाळेत गेली आणि इकडे मला काढून माझ्या जागी नवा बसवला. मी सापडावं म्हणून इतका ओरडलो, आणि सापडणं म्हणजेच माझं जाणं होतं. त्याबद्दल तक्रार नाही. मालकांनी मला हलवून पाहिलं. गोळी खुळखुळली. "अजून आठवडाभरही टिकला नसता," ते सुनेला म्हणाले आणि हात पुसत राहिले.

आता मी खिळ्यांच्या डब्यात आहे. शाळेहून परतलेली गाडी फाटकातून वळते, तेव्हा कान लावतो. काही ऐकू येत नाही. तुमचंही काही वळताना वाजत असेल, तर एकट्याने शोधत बसू नका. घरातल्या कुणाला तरी म्हणा, जरा स्टिअरिंगवर बस.