काठोकाठ भरलेल्या टाकीतून

मित्रांनो, कोळसा खाणीच्या फाटकाशी काचेची टाकी आहे ना, तिच्यातली म्हातारी मरळ ती मी. आजवर माझी गोष्ट सांगायची गरज वाटली नाही. आज घाई आहे.

माझा जन्म शेजारच्या नदीतला. तिथे नाना जातींचे मासे, मळ्ये होते, शिंगटे होते, वाम होती, आणि खवले माशांची तर एवढी गर्दी की वळायचं म्हटलं तरी धक्का लागे. मग खाणीचं पाणी नदीत येऊ लागलं. दगड नारिंगी झाले. पाणी आंबलं. कोळशाची भुकटी तळाशी बसली आणि तिच्याखाली अंडी गुदमरली. खवले आधी गेले, मग मळ्ये, मग शिंगटे. वाम कधी गेली ते कळलंच नाही. ती तशीही फारशी बोलत नसे.

मी वाचले, यात माझं कर्तृत्व शून्य. आम्ही मरळी तोंड वर काढून हवा पितो, इतकंच.

खाणीच्या साहेबांनी हेच पाणी टाकीत भरून त्यात मला आणि बाहेरून आणलेले मासे सोडले. बाकीचे उताणे झाले, मी पोहत राहिले. साहेबांनी मला नोकरीत कायम केलं. पाहुणे येतात, मी श्वासासाठी धडपडत वर येते, ते म्हणतात, "किती खेळकर आहे!" आणि पाणी शुद्ध ठरतं.

आज साहेब रखवालदाराला म्हणाले, "मागच्या खेपेला पाहुण्यांच्या कोटावर शिंतोडे उडाले. उद्या पाहुणे यायच्या आत टाकी काठोकाठ भर आणि वर काच घट्ट बसव."

"मासा मरणार नाही ना, साहेब?"

"मासा आहे तो! पाण्यात बुडणार आहे का?"

साहेब गेले. डबा घेऊन आलेली रखवालदाराची बायको माझ्याकडे बघत म्हणाली, "अहो, ही सारखी वर येते. बोटभर फट ठेवा की."

"आणि साहेबांनी पाहिलं तर? मग तुझ्या माहेरी जाऊन राहायचं का?"

तिने डबा खाली ठेवला. त्याने टाकीत पाण्याची नळी सोडली.

पाणी चढतंय. काच भिंतीला टेकवलेली आहे, मला इथून दिसते. मी एक घोट घेते, लगेच दुसरा घेते. साठवता येत नाही हो.

मित्रांनो, जिवंत मासा दाखवून कुणी पाणी चांगलं असल्याचं सांगितलं, तर टाळ्या वाजवण्याआधी विचारा, बाकीचे कुठे गेले? आणि विचारायचा धीर झाला नाही, तर निदान काच बोटभर सरकवा.