पाण्याचा नंबर सांगणारा लॅपटॉप

कृष्णामाईची शप्पत! घाटावर उभं ऱ्हाऊन, मोठ्यांदा वरडून सांगतो, मित्रांनो, ह्यातला शब्दन् शब्द खरा हाय. ज्येला खोटं वाटंल त्येनं उंब्रजच्या बाजारात यावं आन् माज्या तोंडावर म्हणावं. तोंड माजं फुटलंय, पर त्ये कसं फुटलं त्येच तर सांगायचंय.

मी एक जुना लॅपटॉप हाय. जल्म माजा समुद्रापल्याडच्या कारखान्यातला. तितनं मी फौजेच्या कँटीनमधी आलो आन् आमच्या गावच्या मानसिंग सुभेदारांनी मला घेतला. त्येंच्यासंगं मी बर्फात ऱ्हायलो. तितं येवढी थंडी, की सुभेदारांनी जानेवारीत घरला लिवलेलं पत्र पडद्यातच गोठलं, एप्रिलात वितळलं, तवा कुठं वाचाय आलं. सुभेदार पेन्शनीत आले, मी बी आलो. माजा पंखा येवढा घुमायचा, की त्येंच्या मंडळींनी माज्यापुढं सूप धरून पोतंभर शाळू उफणून घेतला. "काय गुणाचं यंत्र हाय!" म्हणल्या. मग नवे फोन आले आन् गुणाचं यंत्र माळ्यावर गेलं. चार वर्सं उंदरांनी माज्या वायरी चघळल्या.

मला खाली काढला त्यो राजेश्वरीनं, सुभेदारांच्या लेकीनं. कराडला कॉम्प्युटर शिकून आलेली. आन् काढला त्यो रक्तापायी.

आमच्या गावात नदीचं पाणी पंपानं उचलून पाटानं रानात सोडत्यात. पाणी संस्थेचे चेअरमन सुभेदारच. ज्येचा नंबर त्येनं त्या दिशी पाणी घ्यायचं, आन् एकदा हुकला की पुढचा नंबर अठरा दिसांनी. नंबराचा कागद पंपाच्या खोलीवर चिकटवायचा. कुणी त्यो फाडायचा, कुणी खोडून आपलं नाव घालायचं, आन् मग खोरी निघायची. गेल्या उन्हाळ्यात लालासाहेबांनी शेजारच्या रानातल्या भाऊसोच्या डोक्यात खोरं घातलं. सतरा टाके पडले. पाट येवढा तांबडा वाहिला, की म्हशींनी तीन दिस पाण्याला तोंड लावलं न्हाई. आन् ह्या मारामारीत पाटाच्या पार शेपटाला जिचं अर्धा एकर रान, त्या येकट्या साळूबाईपतूर पाणी कवाच पोचायचं न्हाई.

राजेश्वरी बापाला म्हणली, "आबा, फाडता येणार न्हाई आसा कागद करते."

त्यो कागद म्हंजी मी. तिनं मला पंपाच्या खोलीत ठिवला, नेटचं डबडं जोडलं आन् माज्या पोटात कोड लिवला. त्येला ती एपीआय म्हणायची. लय अवघड न्हाई, मित्रांनो. रेशन दुकानाची खिडकी बघितलीया न्हवं? भाईर उभं ऱ्हायाचं, ठरल्या रितीनं इचारायचं. आतला माणूस वही बघतो आन् उत्तर देतो. भाईरच्याला वहीला हात लावाय मिळत न्हाई. तशी माजी खिडकी. फोननं इचारायचं, आज नंबर कुणाचा? मी वही बघून नाव सांगायचं. पहिल्या दिशी तिनं इचारलं आन् मी म्हणलो, सापडत न्हाई. खिडकीच्या पत्त्यातलं एक अक्षर चुकलेलं. तिनं दुरुस्त केलं, परत इचारलं, मी नाव सांगितलं. तशी ती जी उडाली, ती छताला टेंगूळ पाडून खाली आली.

दुसरी खिडकी नंबर देण्याची. कुणाला आपला नंबर दुसऱ्याला द्यायचा आसंल तर तितं सांगायचं. हर घराला तिनं एक खूणशब्द दिला, त्यावरनं मी वळखायचो, आलाय कोण. आन् त्येच्याखाली आणिक दोन वळी लिवल्या: आलाय त्यो आपलाच नंबर देतोय का, त्ये बघ. दुसऱ्याचा देत आसंल तर न्हाई म्हण.

सुभेदारांनी फोनवर करून बघितलं. चुकून भाऊसोच्या नावावर बोट पडलं. मी म्हणलो, हा नंबर तुमचा नाही. सुभेदारांच्या मिशा थरथरल्या.

"ह्ये काय गं? यंत्र मला इचारतंय?"

"समद्यांनाच इचारंल, आबा."

"गावातल्या माणसाला 'ह्ये तुजं हाय का' आसं इचारत न्हाईत. तोंडावर चोर म्हणल्यागत हाय त्ये. उद्या माणसं ह्येला नदीत बुडवतील. काढ त्या वळी."

"आवं, पर कुणी मुद्दाम केलं तर?"

"फोनवर दुसऱ्याच्या नंबरापुढं द्यायचं बटणच दावू नगंस. बटण न्हाई तर दाबणार काय, कपाळ?"

तिला पटलं न्हाई. पर चेअरमन, आन् वर बाप. तिनं दोन वळी पुसल्या. मला त्या गेल्याचं कळलं बी न्हाई, मित्रांनो. पोटात लिवलंय तेवढंच आमी करतो.

दोन म्हयने समदं गोडीत चाललं. सरपंचांनी मला हार घातला. वडूजवरनं माणसं मला बघाय आली, एका म्हातारीनं माज्यापुढं नारळ फोडला. मला बी वाटाय लागलं, आपण देवच हाय.

साळूबाईनं अक्षयतृतीयेला हळद लावलेली. बेण्याची पोती सांगलीवरनं डोक्यावर वाहून आणली म्हणं, दोन दोन एकदम. पहिला नंबर पंपाची मोटार जळाल्यानं हुकला. आता ह्या मंगळवारी पाणी न्हाई मिळालं, तर बेणं जमिनीतच भाजणार व्हतं.

लालासाहेबांचा वीरधवल सांगलीला इंजिनेरिंग शिकतो. सुट्टीला घरी आलेला. त्येच्या फोनवर साळूबाईच्या नंबरापुढं बटण नव्हतंच. त्येनं बटणाला वळसा घातला आन् सोमवारी दुपारी थेट माज्या खिडकीत चिठ्ठी टाकली: साळूबाईचा नंबर लालासाहेबांना द्या. मी इचारलं, कोण? त्येच्या घरचा खूणशब्द बरोबर. मी लिवून टाकलं. ह्यो कोण हाय त्ये मी इचारलं. ह्येचं काय हाय त्ये इचारायचं माज्या पोटात ऱ्हायलंच नव्हतं.

मंगळवारी सकाळी साळूबाई खोरं घिऊन पंपावर आली.

"धोंडिराम, सोड रं पाणी."

धोंडिराम पंपवाल्यानं फोन बघितला. "आक्का, आज नंबर लालासाहेबांचा हाय."

"कोण म्हणतं?"

"मशीन म्हणतंय."

"मशीनला म्हणावं, माजं बेणं जळालं तर मी तुज्यात हळद लावीन!" ती गेली आन् पाणी फिरवायच्या चाकावर फतकल मारून बसली.

लालासाहेब आले. "ऊठ म्हातारे."

"न्हाई उठत. हात तर लावून बघ."

त्येंनी हात लावला न्हाई. खोऱ्याचा दांडा लावला. साळूबाईच्या उजव्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज पार उंब्रजच्या पुलापतूर गेला, तितल्या गाड्या थांबल्या. तवर भाऊसो धावला. त्येला सतरा टाक्यांचा हिशोब चुकवायचाच व्हता. त्येनं लालासाहेबांच्या गुडघ्यावर दगड घातला. मग ह्येची भावकी, त्येची भावकी. काठ्या मोडल्या, दात पडले. एकाचा कान दुसऱ्याच्या तोंडात आला. मोजून अकरा डोकी फुटली, आन् नदी घाबरून अर्धा तास उलटी वाहिली.

मग कुणीतरी वरडलं, "ह्या डबड्यानंच समदं केलं! फोडा त्येला!"

भाऊसोनं खोरं उगारलं. दंगा ऐकून बापासंगं धावत आलेली राजेश्वरी माज्यावर आडवी पडली. घाव तिच्या खांद्याला घासून माज्या पडद्यात घुसला. काचा तिच्या गालात रुतल्या. ती हलली न्हाई. माज्या कीबोर्डवर टपटप रक्त पडत व्हतं, अक्षरांच्या फटीतनं आत मुरत व्हतं. पडदा मेला, मित्रांनो, पर पोट जित्तं व्हतं. तिनं आपल्या फोनवरनं मला इचारलं, नंबर कुणी बदलला? खिडकीवर जो जो येतो त्येची मी नोंद ठिवतो. मी सांगितलं. तिनं वरडून वाचलं.

"सोमवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटं. लालासाहेबांच्या घरचा खूणशब्द. साळूबाईचा नंबर लालासाहेबांना."

खोरी खाली आली. लालासाहेबांनी पोराकडं बघितलं. वीरधवल पायाच्या अंगठ्यानं माती उकरत व्हता.

सुभेदार म्होरं झाले. "लेकीनं कुलूप लावलेलं. काढाय लावलं मी. ह्या बाईचा हात माज्यामुळं मोडला." येवढ्या गर्दीत त्येंनी पागोटं उतरिवलं आन् धोंडिरामला म्हणले, "फिरीव चाक."

साळूबाईला दवाखान्यात न्यायला जीप आली. ती बसंना. मोडका हात पदरानं गळ्यात बांधला आन् पाटाच्या कडंनं पाण्याबरोबर चालत गेली. राजेश्वरी तिच्यामागं, गालाला फडकं धरून. शेवटच्या सरीत पाणी शिरून माती फुगली, तवा साळूबाई म्हणली, "आता चला." आन् तितंच आडवी झाली.

त्याच दिशी दुपारी राजेश्वरीनं त्या दोन वळी परत लिवल्या. सुभेदार मागं उभं ऱ्हाऊन एकेक अक्षर बघत व्हते. साळूबाईचा हात सांधला, पर वाकडा. हळदीला कोंब आले. आन् आठ दिसांनी वीरधवल तिच्या दारात आला, पाया पडला, ढसाढसा रडला. तिनं डाव्या हातानं त्येचं डोकं कुरवाळलं.

तवा मित्रांनो, घरातलं जुनं यंत्र माळ्यावर टाकू नगासा. पुसा, झटका, कामाला लावा. आन् खिडकी बांधाल तवा आतल्याला दोन गोष्टी इचाराय शिकवा: तू कोण, आन् मागतोयस त्ये तुजं हाय का. इचारल्याचा राग चांगल्या माणसाला बी येतो. येऊ द्या. राग निवतो, हाड सरळ व्हत न्हाई.

आता शप्पत घातलीया म्हणून एक सांगूनच टाकतो. नदी उलटी वाहिली, त्ये खरं. कान तोंडात आला, त्ये बी खरं. वीरधवल साळूबाईच्या दारात आला, त्ये तेवढं मी पदरचं घातलं.

त्यो आलेला न्हाई.