प्रांजलची शंका

संघमित्राने शिकवणं मध्येच थांबवलं.

"कोण बोललं ते?"

लॅपटॉपच्या पडद्यावर तीन कॉलेजांचा एकत्र वर्ग होता. पाच-सहाशे मुलं, सगळ्यांचे कॅमेरे बंद. प्रांजल नावाच्या मुलीने महागाईच्या दराबद्दल शंका विचारायला माईक चालू केला होता. पहिल्याच शब्दाला तिची जीभ अडखळली, तशी खोट्या नावाने आत शिरलेल्या कोणीतरी तिची हुबेहूब नक्कल केली. चॅटमध्ये हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला आणि प्रांजल वर्ग सोडून गेली.



संध्याकाळी घाटकोपरच्या घरातून संघमित्राने विभागप्रमुख हर्षद सरांना फोन लावला.

"मॅडम, सगळ्यांचे माईक बंद करून टाका ना. शिकवा आणि मोकळ्या व्हा."

"त्यापेक्षा वर्ग तोडा, सर. पन्नास-साठ मुलांचे गट करा."

"एवढे शिक्षक कुठून आणू? तुमचं कंत्राट मार्चपर्यंतच आहे. उगाच नजरेत कशाला येता?"

फोन ठेवला तेव्हा तिचे कान तापले होते. एका पोरीचं तोंड बंद झालं, तर यांचा उपाय काय, उरलेल्यांचंही बंद करा.

दुसऱ्या दिवशी तिने पुस्तक उघडलंच नाही.

"कालच्या प्रकाराबद्दल कोणी बोलल्याशिवाय मी शिकवणार नाही," एवढं सांगून ती हाताची घडी घालून बसली. मुलं भराभर वर्गातून बाहेर पडू लागली. 'आमच्या वेळेची वाट लागली,' असं कोणीतरी चॅटमध्ये लिहिलं. ती हलली नाही.

बऱ्याच वेळाने एक माईक चालू झाला.

"मॅडम, मी सिद्धेश. नक्कल मी नाही केली. पण हसलो मी."

"मीपण," एका मुलीचा आवाज आला. मग आणखी दोघातिघांचे.

संघमित्राचा राग ओसरला नव्हता. "मला काय सांगताय? तिला सांगा."

"सांगतो, मॅडम. ती आमच्याच कॉलेजची आहे. सोमवारी परीक्षेला येईल, तेव्हा गेटवर थांबतो आम्ही." सिद्धेश घुटमळला. "पण ओळखायचं कसं? दिसते कशी ती?"

जूनपासून संघमित्रा त्या मुलीला शिकवत होती.

"मलाही माहीत नाही रे," ती म्हणाली.