मिठूची हाक

आमच्या मिठूला एकच वाक्य येतं, "अलीम, ऊठ, बस आली!" ते माझंच हाय. माझा पोरगा अलीम कंपनीत होता तवा रोज पहाटे बसचा हॉर्न वाजला की मी असंच वरडायचे. आता कंत्राट संपलं. अलीम दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडतो. पण कारेगावात हॉर्नला काय तोटा? ट्रक वाजला, टेम्पो वाजला की पोपट सुरू.

शेजारची रंभा भांडायला आली. "भाभी, माझा रोहन रातपाळी करून झोपलाय. त्या पोपटाचं तोंड बंद करा!"

"पोपट ऐकू येतो आन् तुमचा मिक्सर ऐकू येत न्हाई व्हय?" मी म्हणलं.

पण रोज रोज किती भांडायचं? शेवटी पिंजरा केडगावला बहिणीकडं पोचवला. वर भांडण मिटावं म्हणून अलीमचे कंपनीचे बूट रोहनला देऊन टाकले. तसेही खाटेखाली पडूनच होते.

काल दुपारी बहिणीचा फोन आला. मला कमी ऐकू येतं, म्हणून मी स्पीकर लावला. "काय गं हे पाखरू! रेल्वेचा भोंगा वाजला की वरडतंय," ती म्हणली. तेवढ्यात तिकडं गाडी आलीच, आन् फोनमधनं मिठू वरडला, "अलीम, ऊठ, बस आली!"

अलीम दचकून उठला आन् खाटेखाली हात घालून बूट चाचपायला लागला. बराच वेळ चाचपला. मग हात तसाच ठेवून माझ्याकडं बघत राह्यला.