गुठळ्या राहिलेला चहा

मिसाओनं बसल्या बसल्या दार सरकवलं, शिकवल्याप्रमाणे मान खाली घातली आणि वर करून बघते तर काय, पाहुण्याच्या जागेवर फुसाए! सख्खी थोरली बहीण. बारा वर्षांत जिनं तिचं तोंड पाहिलं नव्हतं, ती फुसाए.

बाजूला ठेवलेला वाडगा मिसाओच्या हातून लवंडला नाही हेच नशीब. तिकडे फुसाएही पांढरीफटक पडली होती. म्हणजे तिलाही कुणी काही सांगितलं नव्हतं! शेजारी मिसाओच्या गुरू कुरोदाबाई मात्र साळसूदपणे भाताच्या पेंढ्याच्या चटईकडे बघत बसल्या होत्या. बाई, बाई, किती ते नाटक!

"शिकाऊ आहे हो," कुरोदाबाई फुसाएला म्हणाल्या. "चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या."

दर गुरुवारी, सहा महिने, मिसाओ मात्सुए शहरातल्या या चहाघरात चहाविधी शिकायला येत होती. "सत्तावन्नाव्या वर्षी हे कसलं खूळ?" असं नवरा म्हणायचा. खूळ कसलं, बोचणी होती ती. आई शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा मिसाओ ओसाकाला होती. फुसाएचा फोन आला तर "उद्या निघते" म्हणाली. उद्या उजाडला तेव्हा आई नव्हती. अंत्यविधीला फुसाएनं सगळ्यांदेखत विचारलं होतं, "जिवंतपणी सवड नव्हती, मग आता कशाला आलीस?" तेव्हापासून अबोला.

येत्या रविवारी आईच्या घरी तेराव्या वर्षाचा विधी होता. झाडून साऱ्या नातेवाइकांना बोलावणं गेलं होतं, फक्त मिसाओला नव्हतं. निदान आईच्या आवडीचा दाट चहा स्वतःच्या हातानं करून आपल्याच घरातल्या तिच्या फोटोपुढं ठेवावा, एवढंच तिच्या मनात होतं. हे तिनं रडत रडत कुरोदाबाईंना सांगितलं होतं. ते कुठं पोचलं, ते आज दिसलं.

पळून जावं म्हटलं तर पाय आधीच बधिर झालेले. शिवाय दार उघडलं की यजमानानं माघारी फिरायचं नसतं, आणि चहा घेतल्याशिवाय पाहुण्यानं उठायचं नसतं. दोघी चांगल्याच अडकल्या.

मिसाओ शेगडीपाशी बसली. हिरवी पूड वाडग्यात घातली, वर जरासं कढत पाणी ओतलं आणि बांबूच्या घुसळणीनं मळायला लागली. घुसळणी वाडग्यावर टकटक आपटत होती. कुरोदाबाई खाकरल्या. किती मळलं, किती राहिलं, मिसाओला काही म्हणता काही सुधरेना. तिनं तसाच वाडगा पुढं ठेवला.

फुसाएनं तो उचलला, तळहातावर फिरवला आणि पहिला घोट घेतला.

आता खरी परीक्षा. पहिल्या घोटानंतर यजमानानं विचारायचं, चहा कसा झालाय. पाहुण्यानं म्हणायचं, उत्तम. एवढंच. शेकडो वर्षं लोक एवढंच म्हणत आलेत. पण समजा ताईनं उत्तरच दिलं नाही तर? बाईंसमोर, इथंही, तोंड फिरवलं तर? मग आयुष्यात पुन्हा विचारायची सोय उरणार नाही.

"विचारा," कुरोदाबाई हळूच म्हणाल्या.

"चहा..." मिसाओनं दोन्ही हात चटईवर टेकले. "चहा कसा झालाय?"

फुसाएनं वाडगा जरासा कलता करून आत पाहिलं.

"गुठळ्या राहिल्यात," ती म्हणाली.

कुरोदाबाईंनी आ वासला. चाळीस वर्षांच्या शिकवणीत कुणा पाहुण्यानं असं उत्तर दिलं नव्हतं. मिसाओला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. कपाळ चटईला टेकवून ती पुटपुटली, "चुकलं, ताई. सगळंच चुकलं माझं."

"आईच्याही राहायच्या," फुसाए म्हणाली.

मिसाओनं दचकून मान वर केली.

"दरवेळी. आणि आपण दोघी तोंडं वाकडी करत प्यायचो." फुसाएनं आणखी एक घोट घेतला, मग आणखी एक. आपला वाटा पिऊन झाला की वाडग्याची कड पुसून तो शेजारच्या कुरोदाबाईंना द्यायचा असतो, हे ती साफ विसरली. शेवटी तळाशी चिकटलेला हिरवा थर तेवढा उरला. कुरोदाबाई रिकामा हात पुढं करून बसल्या होत्या, तो त्यांनी गुपचूप मागं घेतला.

"रविवारी मठातले भिक्षू दहाला येतात," वाडगा खाली ठेवत फुसाए म्हणाली. "तू नऊला ये. आईपुढं चहा तूच ठेव."

"मी? ताई, मला अजून नीट मळता येत नाही गं."

"तेच म्हणतेय," फुसाएनं बाहीनं डोळे पुसले. "नीट मळलास तर तिला ओळखू कसा येणार?"